व्यापारी इमारतींतील सुवाह्य अग्निशामक यंत्रांची नियमित तपासणी : स्वरूप, मर्यादा आणि जबाबदारी

गोषवारा

व्यापारी इमारतीत भिंतीला टांगलेले अग्निशामक यंत्र बहुधा वर्षानुवर्षे न वापरता राहते. ते ऐन वेळी चालेल की नाही, हे वापरून पाहिल्याखेरीज थेट कळत नाही. आणि वापरून पाहिले की ते रिकामे होते. त्यामुळे बाह्य खुणांवरून यंत्राच्या सज्जतेचे अनुमान बांधणे, हेच नियमित तपासणीचे खरे स्वरूप ठरते. यंत्रावरील प्रत्येक खूण काय सांगते आणि काय सांगू शकत नाही, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे. कायद्याने आवश्यक ठरविलेले सहामाही प्रमाणपत्र हे इमारतीतील माणसांनी दरमहा करावयाच्या तपासणीची जागा घेऊ शकत नाही, हे लेखाचे मुख्य प्रतिपादन आहे.

बीजसंज्ञा : सुवाह्य अग्निशामक यंत्र, मासिक तपासणी, दाबमापक, कार्बन डायऑक्साइड, पुनर्भरण, भोगवटादार.

१. प्रस्तावना

बहुतेक आगी आरंभी लहान असतात. कचऱ्याच्या टोपलीतील ठिणगी, उपाहारगृहातील कढईतील तेलाचा भडका, विजेच्या फळीतून निघणारा धूर अशा रूपात आग प्रथम दिसते. या अवस्थेत जवळच्या माणसाच्या हाती योग्य साधन असेल, तर ती तेथेच विझते. अग्निशमन दलाचे वाहन कितीही तत्परतेने निघाले तरी रस्त्यावरची गर्दी पार करून पोहोचण्यास त्याला काही मिनिटे लागतातच. या काही मिनिटांचे अंतर भरून काढणे, हे सुवाह्य अग्निशामक यंत्राचे, म्हणजेच बोलीभाषेतील 'फायर एक्स्टिंग्विशर'चे प्रयोजन आहे. भारतीय मानकांच्या जुन्या शब्दयोजनेत त्याला 'प्रथमोपचाराचे' साधन म्हटले गेले, ते याच अर्थाने.

महाराष्ट्राने मागील काही वर्षांत आगीच्या मोठ्या दुर्घटना पाहिल्या आहेत. २९ डिसेंबर २०१७ रोजी मुंबईतील कमला मिल परिसरात लागलेल्या आगीत १४ जणांचा मृत्यू झाला. ९ जानेवारी २०२१ रोजी भंडारा येथील जिल्हा रुग्णालयाच्या नवजात शिशु कक्षातील आगीत १० बालके दगावली. अशा घटनांची कारणे निरनिराळी असतात आणि केवळ एका लाल सिलिंडरने त्या टळल्या असत्या, असे म्हणणे धाडसाचे होईल. तथापि प्रत्येक दुर्घटनेनंतर एक प्रश्न अटळपणे विचारला जातो : इमारतीत आग विझविण्याची साधने होती काय, आणि होती तर ती चालू स्थितीत होती काय? पहिल्या प्रश्नाचे उत्तर खरेदीच्या पावतीवरून देता येते. दुसऱ्याचे उत्तर मात्र नियमित तपासणीवाचून देता येत नाही.

दरवर्षी १४ ते २० एप्रिल हा आठवडा अग्निशमन सेवा सप्ताह म्हणून पाळला जातो. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबई बंदरात 'फोर्ट स्टायकिन' या जहाजावर झालेल्या स्फोटात कर्तव्य बजावताना मृत्युमुखी पडलेल्या अग्निशमन जवानांच्या स्मरणार्थ ही प्रथा सुरू आहे. अनेक आस्थापनांमध्ये अग्निशामक यंत्रांवरची धूळ वर्षातून एकदाच, याच सप्ताहात पुसली जाते. उरलेल्या एक्कावन्न आठवड्यांत यंत्राचे काय होते, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

२. उद्दिष्टे

१) व्यापारी इमारतींतील अग्निशामक यंत्रांच्या देखभालीची कायदेशीर व तांत्रिक चौकट स्पष्ट करणे.
२) मासिक तपासणीतील प्रत्येक कृतीमागील कारण विशद करणे.
३) तपासणीतील दृश्य खुणांच्या मर्यादा दाखविणे.
४) नोंदी, पुनर्भरण व प्रशिक्षण यांचा परस्परसंबंध मांडणे.

३. कायदेशीर व मानकीय चौकट

महाराष्ट्रात या विषयाचा मूलाधार 'महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६' हा आहे. तो डिसेंबर २००८ पासून अमलात आला आणि त्याखालील नियम २००९ मध्ये करण्यात आले. या अधिनियमाचे वैशिष्ट्य असे की, उपाययोजना करण्याची व त्या सुस्थितीत राखण्याची जबाबदारी त्याने शासनावर नव्हे, तर इमारतीच्या मालकावर किंवा भोगवटादारावर टाकली आहे. उपाययोजना सुस्थितीत व कार्यक्षम असल्याचे परवानाधारक संस्थेचे प्रमाणपत्र वर्षातून दोनदा, जानेवारी व जुलै महिन्यांत, अग्निशमन अधिकाऱ्यांकडे सादर करावे लागते. व्यवहारात ते 'फॉर्म बी' या नावाने ओळखले जाते.

तांत्रिक बाजू भारतीय मानक ब्यूरोची मानके सांभाळतात. यंत्राची रचना व कार्यक्षमता आयएस १५६८३ या मानकात, तर निवड, मांडणी व देखभाल आयएस २१९० या संहितेत दिली आहे. राष्ट्रीय इमारत संहितेचा (२०१६) चौथा भाग अग्निसुरक्षेला वाहिलेला आहे. आयएस २१९० नुसार कोणत्याही ठिकाणाहून यंत्रापर्यंत पोहोचण्यास १५ मीटरपेक्षा अधिक चालावे लागू नये. हे अंतर सरळ रेषेतले नसून प्रत्यक्ष चालण्याचे आहे. मधे टेबले, काउंटर किंवा मालाच्या थप्प्या असतील, तर नकाशावरचे १० मीटर प्रत्यक्षात २० मीटर होऊ शकतात.

या चौकटीत एक पोकळी राहते. सहामाही प्रमाणपत्र हे त्या दिवसाच्या स्थितीचे असते. जुलैच्या पहिल्या आठवड्यात तपासलेले यंत्र ऑगस्टमध्ये कोणी चुकून दाबले, सप्टेंबरमध्ये रंगकाम करताना हलविले किंवा दिवाळीच्या मालामागे झाकले गेले, तर पुढील जानेवारीपर्यंत कागदोपत्री ते सुस्थितीतच असते. ही पोकळी भरून काढण्यासाठीच मानकांनी मासिक तपासणी सांगितली आहे. अमेरिकेतील एनएफपीए १० व ब्रिटनमधील बीएस ५३०६ ही मानकेही वापरकर्त्याने साधारण दर महिन्याला यंत्राची दृश्य पाहणी करावी आणि वर्षातून एकदा प्रशिक्षित तंत्रज्ञाने देखभाल करावी, अशीच दुहेरी व्यवस्था मानतात.

४. आगीचे वर्ग आणि यंत्रांचे प्रकार

तपासणी अर्थपूर्ण व्हावयाची, तर यंत्र कोणत्या प्रकारचे आहे हे प्रथम कळले पाहिजे. लाकूड, कागद, कापड अशा घन पदार्थांची आग 'अ' वर्गात, पेट्रोल, रंग, थिनर अशा द्रवांची 'ब' वर्गात, ज्वलनशील वायूंची 'क' वर्गात आणि मॅग्नेशियमसारख्या धातूंची 'ड' वर्गात मोडते. खाद्यतेलाच्या आगीचा 'एफ' वर्ग स्वतंत्र मानला जातो, कारण तापलेल्या तेलावर पाणी पडताच त्याची वाफ होऊन पेटते तेल चहूकडे उडते. यंत्रावर हे वर्ग बहुधा ए, बी, सी या अक्षरांनी दर्शविलेले असतात.

व्यापारी इमारतींत पुढील यंत्रे प्रामुख्याने आढळतात :

१) पाण्याचे यंत्र : केवळ घन पदार्थांच्या आगीसाठी. विजेच्या प्रवाहित उपकरणांवर वापरणे धोक्याचे.
२) यांत्रिक फेसाचे यंत्र : द्रव व घन पदार्थांसाठी. विजेच्या आगीसाठी वर्ज्य.
३) एबीसी पावडरचे यंत्र : मोनो अमोनियम फॉस्फेट हा मुख्य घटक. बहुउपयोगी असल्याने कार्यालये व दुकाने यांत सर्वाधिक प्रचलित.
४) बीसी पावडरचे यंत्र : सोडियम किंवा पोटॅशियम बायकार्बोनेट हा मुख्य घटक. घन पदार्थांच्या खोलवरच्या आगीस अपुरे.
५) कार्बन डायऑक्साइडचे यंत्र : विजेच्या फळ्या, संगणक कक्ष, लिफ्टची यंत्रखोली यांसाठी. मागे काही अवशेष ठेवत नाही.

तपासनीसाने प्रत्येक यंत्रासमोर उभे राहून विचारावयाचा पहिला प्रश्न असा की, हे यंत्र या जागी योग्य आहे काय? भाडेकरू बदलला की जागेचा वापर बदलतो. जेथे पूर्वी कागदपत्रांचे कपाट होते तेथे आता सर्व्हर असतो. जेथे कपड्यांचे दुकान होते तेथे उपाहारगृह येते. भिंतीवरचे यंत्र मात्र जुनेच राहते. ते यंत्र पूर्ण भरलेले व निर्दोष असूनही त्या जागी निरुपयोगी किंवा घातक ठरू शकते.

५. मासिक तपासणी : कृती आणि कारणे

मासिक तपासणीस विशेष उपकरण लागत नाही; वजनकाटा, टॉर्च आणि नोंदवही एवढे पुरेसे होते. एका यंत्रास दोन-तीन मिनिटांहून अधिक वेळ लागत नाही. तथापि प्रत्येक कृतीमागचे कारण ठाऊक नसेल, तर तीच तपासणी निव्वळ खूण करण्यापुरती उरते.

१) स्थान व मार्ग : यंत्र नेमून दिलेल्या जागी आहे काय आणि त्याच्यापर्यंत हात सहज पोहोचतो काय, हे पाहावे. यंत्र दार अडवून ठेवण्यासाठी वापरणे, त्याच्यासमोर खोकी रचणे, सजावटीच्या पडद्यामागे ते झाकणे हे प्रकार सर्रास आढळतात. चोरीच्या भीतीने यंत्र कुलूपबंद पेटीत ठेवले जात असेल, तर किल्ली कोठे आहे हे रात्रपाळीच्या पहारेकऱ्यासही ठाऊक असले पाहिजे.

२) सेफ्टी पिन व सील : पिन जागेवर आणि सील अखंड असेल, तर यंत्र कोणी वापरलेले नाही असे मानता येते. सील हे सहज तुटणारे असावे लागते. पिन पडू नये म्हणून काही ठिकाणी ती जाड तारेने आवळून बांधली जाते. अशी पिन घाबरलेल्या माणसाला ओढता येत नाही. वारंवार केलेल्या रंगकामाने पिन चिकटून बसली नाही ना, हेही पाहावे.

३) होज व नोझल : होजला चिरा पडल्या आहेत काय, नोझल मोकळे आहे काय, हे टॉर्चने पाहावे. कुंभारीण माशी नोझलच्या तोंडात मातीचे घर करते. झुरळे आणि कोळीही तेथे आश्रय घेतात. बाहेरून हे दिसत नाही. दाब पूर्ण असूनही नोझल बंद असेल, तर पावडर बाहेर येणार नाही.

४) सिलिंडरचा पृष्ठभाग : गंज, पोचा, फुगवटा, वेल्डिंगच्या जोडावरचा दोष यांची पाहणी करावी. गंज बहुधा तळाशी लागतो, कारण फरशी पुसतानाचे पाणी तेथे साचते. त्यामुळे यंत्र उचलून तळ पाहणे आवश्यक ठरते. कोकण किनारपट्टीच्या खाऱ्या हवेत आणि पावसाळ्यात ही प्रक्रिया वेगाने होते. गंजलेला सिलिंडर केवळ निकामी नसतो, तर धोकादायकही असतो; दाबाखाली त्याचा तळ फुटू शकतो. असे यंत्र तत्काळ वापरातून काढावे.

५) माहितीपट्टी व टॅग : वापराच्या सूचना समोरच्या बाजूस, वाचता येतील अशा असाव्यात. पुनर्भरणाची तारीख व पुढील देय तारीख पाहावी.

६) दाबमापक किंवा वजन : याचा विचार पुढील भागांत स्वतंत्रपणे केला आहे, कारण सर्वाधिक गैरसमज येथेच आढळतात.

६. हिरव्या पट्ट्यातील काटा : अर्थ आणि मर्यादा

साठविलेल्या दाबाच्या यंत्रात पावडर अथवा पाण्यासोबत नायट्रोजन अथवा कोरडी हवा दाबाने भरलेली असते. भारतात प्रचलित पावडरच्या यंत्रांत हा दाब सर्वसाधारणपणे १५ बारच्या आसपास असतो. मापकाचा काटा हिरव्या पट्ट्यात असला की यंत्र सज्ज आहे, असे समजले जाते. ही समजूत अर्धीच खरी आहे. काटा केवळ वायूचा दाब सांगतो. आतील पावडरीची अवस्था सांगत नाही.

एबीसी पावडर आर्द्रता शोषली की गुठळ्या धरते. कोरडी पावडरही दीर्घकाळ स्थिर राहिल्याने किंवा जनित्राच्या खोलीसारख्या कंपनाच्या जागी असल्याने तळाशी घट्ट बसते. अशा यंत्राची मूठ दाबली असता वायू निसटतो आणि पावडर आत राहते. काटा शेवटच्या क्षणापर्यंत हिरव्यातच असतो. यासाठी देखभालीच्या वेळी यंत्र सावकाश उलटे करून, आतील पावडर सरकत असल्याचे हाताला जाणवते काय, हे पाहण्याची पद्धत आहे. सेफ्टी पिन जागेवर असल्याची खात्री करूनच हे करावे.

दुसरी मर्यादा अर्धवट वापराची आहे. कोणी यंत्र क्षणभर दाबून पाहिले, तर दाब थोडाच उतरतो व काटा हिरव्यात राहू शकतो. परंतु पावडरीचे सूक्ष्म कण झडपेच्या बैठकीत अडकतात, झडप पूर्ण मिटत नाही आणि वायू हळूहळू गळत राहतो. काही दिवसांत यंत्र निकामी होते. म्हणून एकदा दाबलेले यंत्र, कितीही कमी वापरले असले तरी, पुनर्भरणासाठी पाठविलेच पाहिजे. सील तुटलेले दिसताच काट्याकडे न पाहता यंत्र बदलावे, या नियमामागील कारण हेच आहे.

तिसरी बाब तापमानाची. बंद सिलिंडरातील वायूचा दाब निरपेक्ष तापमानाच्या प्रमाणात बदलतो. २७ अंश सेल्सिअसवरून तापमान ४२ अंशांवर गेले, तर निरपेक्ष तापमान ३०० केल्व्हिनवरून ३१५ केल्व्हिनवर जाते. म्हणजे दाब सुमारे पाच टक्क्यांनी वाढतो. विदर्भातील मे महिन्यात उन्हात टांगलेल्या यंत्राचा काटा थोडा वर दिसणे स्वाभाविक आहे. उलटपक्षी, दुपारच्या उष्णतेत काटा जेमतेम हिरव्या पट्ट्याच्या खालच्या कडेवर असेल, तर पहाटे तो पट्ट्याबाहेर जाईल, हे ओळखले पाहिजे. तपासणी दरमहा साधारण एकाच वेळी केल्यास नोंदींची तुलना विश्वसनीय ठरते.

काटा एकाच जागी अडकलेला असण्याचीही शक्यता असते. अनेक महिने ऋतू बदलूनही काटा तसूभर हललेला नाही असे नोंदींवरून दिसले, तर मापक तंत्रज्ञाकडून तपासून घ्यावा.

७. कार्बन डायऑक्साइडच्या यंत्राचे वजन

कार्बन डायऑक्साइडच्या यंत्रावर सहसा दाबमापक नसतो. याला यंत्राची उणीव समजले जाते. वस्तुतः त्यामागे भौतिकशास्त्रीय कारण आहे. या सिलिंडरात वायू दाबाखाली द्रवरूपात असतो आणि द्रवाच्या वर त्याची संपृक्त बाष्प असते. बाष्पाचा दाब तापमानावर अवलंबून असतो, द्रव किती उरला आहे यावर नाही. २० अंश सेल्सिअसला तो सुमारे ५७ बार, तर ३० अंशांना सुमारे ७२ बार असतो. सिलिंडर पूर्ण भरलेला असो वा त्यातील बराचसा वायू गळून गेलेला असो, द्रवाचा अंश शिल्लक आहे तोवर दाब तोच राहील. म्हणजे मापक बसविला तरी तो गळतीविषयी मौन बाळगेल. घरगुती गॅसच्या सिलिंडरात किती गॅस उरला, हे दाबावरून नव्हे तर वजनावरून कळते, त्यामागील तत्त्व हेच आहे.

म्हणून या यंत्राची सज्जता तपासण्याचा मार्ग एकच : वजन करणे. रिकाम्या यंत्राचे वजन त्यावर कोरलेले असते. भरलेल्या वायूच्या वजनात १० टक्क्यांहून अधिक घट आढळल्यास पुनर्भरण आवश्यक ठरते. उदाहरणार्थ, ४.५ किलो क्षमतेच्या यंत्राचे रिकामे वजन १०.२ किलो असेल, तर पूर्ण वजन १४.७ किलो व्हावे. येथे १० टक्के म्हणजे ०.४५ किलो. काटा १४.२ किलो दाखवीत असेल, तर घट ०.५ किलो झाली असून यंत्र पाठविणे आवश्यक आहे. टक्केवारी एकूण वजनावर नव्हे, तर वायूच्या वजनावर काढावयाची आहे. एकूण वजनावर काढल्यास १.४७ किलो घट चालेल असे चुकीचे अनुमान निघेल आणि वायूचा जवळजवळ तिसरा हिस्सा गेलेले यंत्र भिंतीवर तसेच राहील.

वजनकाट्याची अचूकताही महत्त्वाची आहे. २ किलोच्या यंत्रात मर्यादा केवळ २०० ग्रॅमची असते. अर्ध्या किलोच्या खुणा असलेल्या स्प्रिंगच्या काट्यावर ही घट दिसणारच नाही. वजन करताना हॉर्न व होज जोडलेले धरावयाचे की नाही, हे कोरलेल्या सूचनेनुसार ठरवून दरवेळी तीच पद्धत ठेवावी.

हा वायू ३१ अंश सेल्सिअसच्या वर द्रवरूपात राहू शकत नाही, आणि त्यापुढे बंद सिलिंडरातील दाब झपाट्याने वाढतो. अतिदाबापासून संरक्षणासाठी झडपेवर फुटणारी चकती बसविलेली असते. ही यंत्रे थेट उन्हात, बॉयलरजवळ अथवा पत्र्याच्या छताखाली ठेवू नयेत, असे सांगितले जाते ते यासाठी.

८. तंत्रज्ञाने करावयाची देखभाल

इमारतीतील कर्मचाऱ्याने यंत्र उघडू नये. साठविलेल्या दाबाच्या सिलिंडराची टोपी सैल करणे जिवावर बेतू शकते. आतील पावडरची तपासणी, झडपेची दुरुस्ती, गॅस कार्ट्रिजचे वजन व बदल, सिलिंडराची दाबचाचणी ही कामे प्रशिक्षित तंत्रज्ञाचीच आहेत.

आयएस २१९० च्या २०१० च्या आवृत्तीत पाणी, फेस व पावडर यांच्या यंत्रांची दाबचाचणी दर ३ वर्षांनी आणि कार्बन डायऑक्साइडच्या यंत्रांची दर ५ वर्षांनी सांगितली होती. त्याच आवृत्तीत पहिल्या प्रकारच्या यंत्रांचे आयुष्य १० वर्षे, तर कार्बन डायऑक्साइडच्या यंत्रांचे १५ वर्षे मानले होते. मानके वेळोवेळी सुधारली जात असल्याने संस्थेशी करार करताना प्रचलित आवृत्तीचा उल्लेख करून घेणे हिताचे. कार्बन डायऑक्साइडचे उच्चदाबाचे सिलिंडर गॅस सिलिंडर नियम, २०१६ च्या कक्षेत येतात. या नियमांची अंमलबजावणी पाहणाऱ्या पेट्रोलियम व विस्फोटक सुरक्षा संघटनेचे मुख्यालय नागपूर येथे आहे.

पुनर्भरणाच्या वेळी तीन गोष्टींकडे लक्ष द्यावे. पहिली, यंत्राचा क्रमांक नोंदवून पाठवावा, म्हणजे तोच सिलिंडर परत आला की जुना बदलून मिळाला, हे समजते. दुसरी, भरलेली पावडर मानकानुसार आहे काय, हे विचारावे. एबीसी पावडरसाठी आयएस १४६०९ व बीसी पावडरसाठी आयएस ४३०८ ही मानके आहेत. या दोन पावडरी एकमेकींत मिसळू नयेत. फॉस्फेट व बायकार्बोनेट यांच्यात ओलाव्याच्या सान्निध्यात रासायनिक क्रिया होते, कार्बन डायऑक्साइड वायू निर्माण होतो, सिलिंडरातील दाब वाढतो आणि पावडर दगडासारखी घट्ट होते. तिसरी, यंत्र नेल्यानंतर त्या जागी पर्यायी यंत्र ठेवून घ्यावे. सर्व यंत्रे एकाच दिवशी भरण्यास पाठवून इमारत आठवडाभर निराधार ठेवणे हा किरकोळ वाटणारा, परंतु गंभीर दोष आहे.

९. नोंदवही आणि जबाबदारी

तपासणीची नोंद प्रत्येक यंत्रागणिक असावी : यंत्राचा क्रमांक, प्रकार, स्थान, दिनांक, काट्याची स्थिती किंवा किलोग्रॅममधील वजन, आढळलेला दोष, केलेली उपाययोजना व स्वाक्षरी. 'ठीक' हा शब्द नोंद नव्हे. '१४.६ किलो' ही नोंद आहे, कारण पुढील महिन्यातील '१४.४ किलो' या नोंदीशी तिची तुलना करता येते आणि मर्यादा ओलांडण्यापूर्वीच गळती लक्षात येते. बारा महिने, चाळीस यंत्रे आणि एकही दोष नाही, अशी नोंदवही उत्तम देखभालीची साक्ष देण्याऐवजी, ती एका जागी बसून भरली गेली असावी अशी शंका निर्माण करते. दोष नोंदविणाऱ्या कर्मचाऱ्यास बोल लावण्याची रीत असेल, तर दोष नोंदविलेच जाणार नाहीत. व्यवस्थापनाने याचे भान ठेवणे अगत्याचे आहे.

अनेक गाळेधारकांच्या व्यापारी संकुलात जबाबदारीचा प्रश्न अधिक बिकट होतो. गाळ्याच्या आतील यंत्र गाळेधारकाचे असते, याविषयी सहसा वाद नसतो. जिना, सामाईक मार्गिका, वाहनतळ व मीटरची खोली येथील यंत्रे मात्र सर्वांची असतात, आणि म्हणून कोणाचीच नसतात. संस्थेच्या वार्षिक सभेत देखभालीचा खर्च मंजूर होतो, परंतु दरमहा फेरी मारणारी व्यक्ती नेमली जात नाही. वस्तुतः वीजमीटरची खोली ही संकुलातील अधिक जोखमीची जागा होय. प्रत्येक मजल्यासाठी एक नामनिर्देशित व्यक्ती व तिच्या रजेच्या काळात दुसरी व्यक्ती लेखी ठरविणे, हा यावरचा साधा उपाय आहे.

१०. तपासणी आणि प्रशिक्षण

पावडरचे ६ किलोचे यंत्र साधारणतः १५ ते २० सेकंदांत रिकामे होते. ते हाती घेऊन सूचना वाचू लागण्यास सवड नसते. पिन ओढणे, नोझल ज्वाळांच्या टोकाकडे नव्हे तर आगीच्या बुडाशी रोखणे, मूठ दाबणे आणि झोत डावी-उजवीकडे फिरविणे ही चार पावले हाताच्या सवयीची झाली पाहिजेत. कार्बन डायऑक्साइड सोडताना हॉर्नचे तोंड उघड्या हाताने धरल्यास तीव्र थंडीने इजा होते आणि लहान बंद खोलीत हा वायू श्वासास घातक ठरतो, हेही शिकवावे लागते. आग माणसाच्या उंचीहून मोठी झाली किंवा धुराने बाहेरची वाट झाकोळू लागली, तर यंत्र टाकून बाहेर पडणे, हाही प्रशिक्षणाचाच भाग होय.

पुनर्भरणास देय झालेली निर्दोष यंत्रे तशीही रिकामी केली जातात. ती संस्थेकडे सोपविण्यापूर्वी मोकळ्या जागेत, जाणकारांच्या देखरेखीखाली कर्मचाऱ्यांच्या हातून चालविली, तर प्रशिक्षणाचा वेगळा खर्च येत नाही. याहून महत्त्वाचे असे की, भिंतीवर ठेवलेली यंत्रे खरोखर चालतात काय, हे त्या इमारतीला प्रत्यक्ष कळते. पाचपैकी एक यंत्र चालले नाही, तर उरलेल्यांविषयी कोणता निष्कर्ष काढावा, हे वेगळे सांगावे लागत नाही. गंजलेली किंवा पोचा आलेली यंत्रे मात्र यासाठी वापरू नयेत.

११. निष्कर्ष

१) अग्निशामक यंत्राची सज्जता प्रत्यक्ष न वापरता पूर्णपणे सिद्ध करता येत नाही; म्हणून अनेक खुणांचा एकत्रित विचार आवश्यक ठरतो. सील, काटा, वजन, नोझल व तळ यांपैकी कोणतीही एक खूण पुरेशी नाही.
२) काटा दाबाविषयी सांगतो, पावडरीविषयी नाही, कार्बन डायऑक्साइडच्या बाबतीत दाबही गळतीविषयी सांगत नाही, केवळ वजन सांगते.
३) सहामाही प्रमाणपत्र ही कायद्याची किमान अपेक्षा आहे. दोन प्रमाणपत्रांमधील सहा महिन्यांची जबाबदारी इमारतीत वावरणाऱ्या माणसांकडेच राहते.
४) दोष निर्भयपणे नोंदविणारी नोंदवही ही निर्दोष नोंदवहीपेक्षा अधिक विश्वासार्ह असते.
५) पुनर्भरणाची वेळ ही प्रशिक्षणाची व पडताळणीची संधी म्हणून वापरावी.

आग लागल्यावर यंत्राकडे धावणारी व्यक्ती बहुधा ते तपासणारी नसते. ती एखादी विक्रेती, शिपाई, ग्राहक किंवा पहारेकरी असते. भिंतीवर लाल सिलिंडर आहे म्हणजे तो चालणारच, असे ती गृहीत धरते आणि त्या भरवशावर बाहेर पडण्याऐवजी आगीसमोर उभी राहते. न चालणारे यंत्र अशा व्यक्तीची केवळ निराशा करीत नाही. सुटकेसाठी हाती असलेली मोलाची काही सेकंदेही ते हिरावून घेते. दरमहा प्रत्येक यंत्रासमोर खर्चिलेली दोन-तीन मिनिटे ही त्या अनोळखी व्यक्तीच्या विश्वासाची राखण होय.